छोटी विमान कंपनी धरू की मोठीची वाट पाहू?

पत्र असं आहे:

मी कुडाळ तालुक्यातली, वय २४. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, मिळून आठ महिने झाले. खात्यावर उड्डाणाचे २१५ तास आहेत, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडण्याचं) रेटिंग दोन्ही आहे. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलंय आणि त्याला बाबांच्या वाटणीची आंब्याची बाग तारण आहे. आता एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीचं पत्र आलंय. एटीआर हे पंख्याचं विमान, टाइप रेटिंगचा (त्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण आणि परवान्यावरची नोंद) निम्मा खर्च माझा, तीन वर्षांचा बाँड (आधी सोडलं तर पैसे भरायचे), आणि तळ गोव्यात, म्हणजे घरापासून तास-सव्वा तासावर. माझ्याबरोबर शिकलेली मुलं म्हणतात, पंख्याच्या विमानात अडकू नकोस. स्वतःच्या पैशांनी एअरबस ए-३२० जेटचं टाइप रेटिंग करून ठेव, मोठ्यांची भरती निघाली की थेट आत. बाबा म्हणतात, "घराकडेच विमान उतारता, मगे लांब कित्याक जातंस?" पंधरा दिवसांत उत्तर कळवायचंय. प्रादेशिक कंपनी निवडताना नेमकं बघायचं काय? आणि आईने विचारायला सांगितलंय की चतुर्थीला सुट्टी मिळेल का.

— एक वाचक, कुडाळ

उत्तर:

पंधरा दिवसांतले आता किती उरलेत ठाऊक नाही, म्हणून उत्तर आधी आणि कारणं नंतर. छोट्या कंपनीत जा. मात्र सही करण्याआधी तीन गोष्टी स्वतः खणून काढ: तिथे शिकवणारे कॅप्टन किती आहेत, पगार खरोखर कोणत्या तारखेला होतो, आणि बाँड कुठल्या दिवसापासून मोजतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटलं नाही, तर बाकी सगळं सोन्यासारखं असलं तरी जाऊ नकोस. आणि हातात नोकरीचं पत्र नसताना ए-३२० चं रेटिंग पदरच्या पैशांनी करू नकोस. हे शेवटचं वाक्य बाबांनाही वाचून दाखव.

पत्रात तू कंपनीचं नाव लिहिलं होतंस, ते मी गाळलंय. पुढे जे लिहितोय ते त्या एका कंपनीबद्दल नाही. कुठल्याही छोट्या कंपनीचं पत्र हातात आलं की मी हेच विचारायला सांगेन.

आधी मित्रांच्या सल्ल्याचा निकाल लावू. ए-३२० च्या रेटिंगला पंधरा-वीस लाखांच्या आसपास पैसे लागतात, आणि त्यातून मिळते ती परवान्यावरची एक नोंद. मिळालेले तास बहुतेक सिम्युलेटरचे. ती नोंद घेऊन तू ज्या रांगेत उभी राहशील, तिथे तशीच नोंद असलेली शेकडो मुलं आधीच उभी आहेत. भरती निघेपर्यंत तुझी इन्स्ट्रुमेंट रेटिंग तर थांबत नाही. बारा महिन्यांत ती पुन्हा करावी लागते, मेडिकल वेगळं, आणि सिम्युलेटरमध्ये कमावलेला हात तर काही महिन्यांतच जड होतो. पुन्हा भरतीचं गणित तुझ्या हातात नसतं. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली, मे २०२३ च्या सुरुवातीला गो फर्स्ट थांबली. अशा वेळी हजार-दोन हजार तास ए-३२० किंवा बोइंग उडवलेली माणसं एका रात्रीत नोकरी शोधायला बाहेर पडतात. त्यांच्यापुढे नुसतं रेटिंग घेतलेल्या मुलीचा अर्ज कोण आधी उघडेल?

मोठ्या कंपनीने आधी निवड केली, पत्र दिलं आणि मग रेटिंगला पाठवलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कर्ज काढायला हरकत नाही. "सीट कन्फर्म करून देतो" म्हणणारे एजंट मात्र कुडाळच्या स्टँडपर्यंत पोहोचलेत, असं मला तिथलेच लोक सांगतात. त्यांना दारातूनच परत पाठवायचं.

आता पंख्याच्या विमानाबद्दल. एटीआर ७२ चा पंखा टर्बाइन इंजिनच फिरवतं; बाहेरून जुनाट दिसतो म्हणून नातेवाईकांना कमीपणा वाटतो, तो त्यांनी आपल्याजवळ ठेवावा. सत्तर-बहात्तर आसनांचं हे विमान तासाला साधारण ५०० किलोमीटर जातं आणि २५,००० फुटांच्या वर जात नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही दुसरी. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर ढगांचे जे मनोरे उभे राहतात, त्यांचे शेंडे चाळीस हजारांच्या वर जातात. जेट निदान पस्तीस हजारांवरून बघून वळू शकतं. एटीआर त्या ढगांच्या पोटापाशी उडतं. वेदर रडार नीट वाचणं, वीस मैल आधी वळायचं की चाळीस, इंधन किती राखायचं, हे सगळं पहिल्याच जून महिन्यात समोर येतं.

आणि उतरायचं कुठे, तर सड्यावर. सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ परुळ्याच्या कातळसड्यावर आहे, गोव्याचा मोपाही पठारावरच. जुलैमध्ये ढग सड्याला टेकतो, हे तुला मी सांगायला नको. रस्त्याने जातानाही दिवे लावावे लागतात. खाली पन्नास फुटांवर स्वच्छ असतं आणि धावपट्टी मात्र दिसत नाही. अशा दिवशी किमान उंचीपर्यंत येऊन, काही दिसलं नाही म्हणून निमूटपणे गो-अराउंड करणं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, आणि प्रवाशांच्या शिव्या खात बेळगाव किंवा गोव्याकडे वळणं, हे ज्या फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) पहिल्या दोन पावसाळ्यांत कॅप्टनच्या शेजारी बसून दहा वेळा पाहिलंय, तिला पुढे ए-३२० मध्ये कोणी काही शिकवायला लागत नाही. दिवसाला चार सेक्टर म्हणजे चार टेकऑफ, चार लँडिंग; त्यातले निम्मे तुझे. लांब पल्ल्याच्या जेटवर नवी माणसं महिन्याला इतकी लँडिंग करत नाहीत.

पण यातला "कॅप्टनच्या शेजारी बसून" हा भाग छोट्या कंपनीत सगळ्यात आधी ढिला पडतो.

कोझिकोडचा अपघात तुला अभ्यासात आला असेल. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं बोइंग ७३७, मुसळधार पाऊस, मागून वारा, टोकांना खोल उतार असलेली टेबलटॉप धावपट्टी. विमान पुढे घसरून खाली गेलं, दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. चौकशी अहवालाने कारण म्हणून ठरलेली कार्यपद्धती न पाळण्यावरच बोट ठेवलं. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे लोक फार लक्ष देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्याच कॅप्टनच्या नावावर होतं, आणि कोझिकोड तळावर नेमणुकीला २६ फर्स्ट ऑफिसर असताना कॅप्टन एकच होता. कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाला अहवालाने यासाठी नाव घेऊन दोष दिला. कॉकपिटमध्ये शेवटच्या मिनिटाला घेतलेल्या निर्णयाची सुरुवात अशी महिनाभर आधी, रोस्टर करणाऱ्याच्या टेबलावर झालेली असते.

म्हणून तुझ्या कंपनीला पहिला प्रश्न: उडणारी विमानं किती, आणि त्यांच्यामागे कॅप्टन किती? दिवसभर राबणाऱ्या एका विमानाला साधारण पाच-सहा कॅप्टन आणि तितकेच फर्स्ट ऑफिसर लागतात. सुट्ट्या, आजारपण, सिम्युलेटर, साप्ताहिक विश्रांती हे सगळं धरून. विमानं सहा आणि कॅप्टन पंधरा असतील तर समजायचं की त्या पंधरांना पिळून काढलं जातंय. थकलेला कॅप्टन तुला लँडिंग देणार नाही. "आज राहू दे, मीच करतो" म्हणेल. त्याचंही चुकत नाही.

दुसरा प्रश्न त्याच्या पोटातला: त्या कॅप्टनांपैकी लाइन ट्रेनिंग देण्याचा अधिकार असलेले किती? टाइप रेटिंग झालं की लगेच तू कामाला लागत नाहीस. प्रशिक्षक कॅप्टनबरोबर ठरावीक सेक्टर उडायचे, मग लाइन चेक ही परीक्षा, मग रिलीज, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय उडायची परवानगी. कंपनीत असे प्रशिक्षक दोनच असतील आणि नव्या मुलांची तुकडी बाराची असेल, तर रेटिंग होऊन सहा-आठ महिने घरी बसलेली मुलं मी पाहिलीत. पगार नाही किंवा नुसता स्टायपेंड, आणि बाँडवर सही आधीच झालेली. तेव्हा "लाइन ट्रेनिंग कधी सुरू होईल?" असं विचारू नकोस, त्याला "लवकरच" हेच उत्तर मिळतं. "मागच्या तुकडीला रेटिंगपासून रिलीजपर्यंत किती महिने लागले?" असं विचार. या प्रश्नावर एचआरवाला अडखळला तर तेही उत्तरच आहे.

तिसरा प्रश्न तासांचा, आणि इथे कागद-पेन घे. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्याला, एकूण १५०० तास लागतात, त्यात देखरेखीखालचं कमांडचं (कॅप्टनच्या भूमिकेतलं) उड्डाणही दाखवावं लागतं. कमांड देताना कंपन्यांच्या स्वतःच्या अटी बहुधा याहून चढ्या असतात. तुझ्याकडे २१५ आहेत. महिन्याला ६० तास मिळाले तर एकवीस-बावीस महिन्यांत १५०० होतात. ३० च मिळाले तर साडेतीन वर्षांच्याही पुढे जातं, म्हणजे तुझा तीन वर्षांचा बाँड संपेल तेव्हा तू एटीपीएललाही पात्र नसशील. कंपनी तीच, पगार तोच, फरक फक्त विमानं उडताहेत की उभी आहेत एवढ्याचा. पाच विमानांच्या कंपनीत एक जरी सुट्या भागासाठी अडून बसलं तरी पाचवा हिस्सा काम गेलं. म्हणून सध्याच्या फर्स्ट ऑफिसरांना मागच्या सहा महिन्यांचे तास विचार, ब्रोशरमधले नकोत. कमाल किती उडवता येतं याला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मर्यादा आहे, वर्षाला १००० तास. किमान किती मिळतील याला कुणाची हमी नाही.

विचारायचं कुणाला, हे महत्त्वाचं. आंब्याची पेटी वरचा थर बघून घेत नाहीत, हे तुझ्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. भरतीच्या दिवशी सूट घालून भेटतात तो वरचा थर. तळातले आंबे म्हणजे वर्षभरापूर्वी लागलेला फर्स्ट ऑफिसर, गेल्या सहा महिन्यांत नोकरी सोडलेला एखादा, आणि जमलं तर इंजिनीअरिंगमधला कुणीतरी. इंजिनीअर सगळ्यात खरं बोलतात. रात्री दोन वाजता एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायची वेळ किती वेळा येते, हे त्यांनाच ठाऊक असतं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर विचारलंस तर दोनच सूर ऐकू येतील, स्वर्ग नाहीतर नरक. माणसं प्रत्यक्ष गाठ. विमानतळाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तुला तासाभरात जे कळेल ते मलाही इथून सांगता येणार नाही.

पैशांचं बघताना आधी प्रादेशिक कंपन्या कशावर चालतात ते समजून घे. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. योजनेत काही आसनांचं भाडं बांधून दिलेलं असतं आणि तोटा भरून काढायला सरकार अनुदान देतं, पण तीन वर्षं. तीन वर्षांनी मार्ग आपल्या पायावर उभा राहावा अशी अपेक्षा. तो राहतोच असं नाही, हे तुमच्याच दारात झालं. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं उद्घाटन झालं, अलायन्स एअरचं एटीआर मुंबईहून आलं, गावोगाव फटाके वाजले; तीन वर्षं भरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ती सेवा थांबली. विमानतळ तिथेच आहे, दुसऱ्या कंपनीची दुसऱ्या शहरांना जाणारी विमानंही आली, पण मुंबईचं नेहमीचं विमान तेव्हा गेलं. तेव्हा कंपनीला विचार, किंवा स्वतः शोध: तिच्या मार्गांपैकी किती अनुदानावर आहेत आणि त्यांची तीन वर्षं कधी संपतात? सगळे एकाच वर्षात संपत असतील तर त्या वर्षी तू बाँडमध्ये असशील का?

कंपनीचे ताळेबंद कॉर्पोरेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून कुणालाही बघता येतात. तुला वाचता येत नसेल तर गावात एखादा सीए असतोच, त्याला अर्धा तास बसव. डीजीसीए दर महिन्याला कंपनीवार प्रवासी, भरलेल्या आसनांचं प्रमाण आणि रद्द झालेल्या उड्डाणांची टक्केवारी जाहीर करतं. सहा महिन्यांचे आकडे ओळीने मांड. पावसाळ्यात रद्द होणं समजू शकतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात उड्डाणं रद्द होत असतील तर कारण हवामान नाही.

आणि पगार. पगार किती, यापेक्षा कधी. विमान कंपनी बुडायला लागते तेव्हा आधी इंधनवाल्याची बाकी थकत नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी टँकर देणार नाही. आधी थकतो तो माणसांचा पैसा. त्यातही पगाराच्या आधी पीएफ आणि टीडीएस, कारण ते लगेच दिसत नाही. म्हणून जो फर्स्ट ऑफिसर गाठशील त्याला दोन गोष्टी बघायला सांग: पीएफचं पासबुक आणि फॉर्म २६ एएस. पगारातून कापलेले पैसे तिथे वेळेवर जमा दिसताहेत का? हे दोन कागद स्वच्छ असलेली छोटी कंपनी मला एखाद्या थाटामाटाच्या मोठ्या कंपनीपेक्षा बरी वाटते.

बाँडकडे वळू. तीन वर्षं फार नाहीत. कंपनी तुझ्यावर निम्मा खर्च करणार असेल तर तिने एवढं मागणं रास्त आहे, इथे मी कंपनीच्या बाजूने आहे. प्रश्न तीन वर्षं कधी सुरू होतात हा. सहीपासून, रेटिंग संपल्यापासून की लाइन रिलीजपासून? रिलीजपासून असेल आणि रिलीजच वर्षभर लांबली, तर तुझी तीनची चार झाली. रेटिंग संपल्याच्या तारखेपासून धरा, असं लेखी माग. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण भरावी लागते, हेही बघ. कंपनीने तुला ठरावीक महिने उडवलंच नाही किंवा पगार थकवला, तर बाँड रद्द होतो असं एक कलम घालून घ्यायचा प्रयत्न कर. कदाचित नाही म्हणतील. कसे नाही म्हणतात ते ऐक.

बाँड आणि नोटीस या वेगळ्या गोष्टी आहेत, मुलं इथे गोंधळतात. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. म्हणजे तीन वर्षांनी बाँड संपला तरी दुसऱ्या दिवशी बाहेर पडता येत नाही. मोठ्या कंपनीची भरती निघाली तर हे सहा महिने हिशेबात धरावे लागतात. कोरे सही केलेले चेक कुणाला देऊ नकोस. मूळ गुणपत्रिका किंवा परवाना 'जमा' करायला सांगत असतील तर तिथूनच परत फिर. रेटिंगचे तुझ्या वाट्याचे पैसे थेट प्रशिक्षण केंद्राला, पावती घेऊन दे. आणि एकदम भरण्याऐवजी पगारातून हप्त्याने कापा, असं विचारायला लाजू नकोस. काही कंपन्या मानतात.

बागेबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण मला वाटतं घरात खरी धास्ती तीच आहे. एकदा तारण असलेली बाग दुसऱ्या कर्जाला द्यायची नाही. कोकणातला सातबारा तुला माहीत आहे. बाबांच्या वाटणीची म्हणतेस, पण उताऱ्यावर काका-आत्यांची नावं अजून असतील तर दुसरी बँक तसंही सगळ्यांच्या सह्या मागेल आणि त्या सह्या गोळा करताना घरात जे होतं ते पाच वर्षं निस्तरत नाही. शिवाय हल्ली मोहोर आणि अवकाळी यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे बागेच्या उत्पन्नावर हप्ता धरू नका. तुझ्या शिकाऊ काळातल्या स्टायपेंडमधून चालू कर्जाचा हप्ता भागतो का, एवढंच बघ. भागत नसेल तर बँकेत जाऊन रिलीजपर्यंत मुदत वाढवून माग, नेमणुकीचं पत्र दाखवून. बँका हे ऐकतात, थकल्यावर गेलं की ऐकत नाहीत.

बाबांचा मुद्दा राहिला. घराजवळचा तळ ही चांगली गोष्ट आहे, पण निवडीचं कारण म्हणून ती माझ्या यादीत शेवटी येते. नेमणुकीच्या पत्रात बहुधा "कंपनी सांगेल त्या तळावर" असंच लिहिलेलं असतं. आज गोवा, उद्या हैदराबाद. आणि गोवाच राहिला तरी रोज कुडाळहून ये-जा करायचा विचार सोड. पहाटे सहाचं उड्डाण म्हणजे पाचच्या आत हजेरी, म्हणजे साडेतीनला घरातून निघणं, पावसात, महामार्गावर, ट्रकांच्या मागे. स्टँडबायवर असताना बोलावल्यावर ठरावीक वेळेत पोहोचावं लागतं. मोपा असेल तर बांद्याला किंवा पेडण्याला खोली घे, सुट्टीच्या दिवशी घरी जा. झोप हा या नोकरीतला तुझ्या वाट्याचा सगळ्यात मोठा खर्च आहे, तो गाडीत करू नकोस.

विमानाचा प्रकार मी मुद्दामच मागे ठेवलाय. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर जेट उडवते, २०१९ पासून. अलायन्स एअरकडे एटीआर आहेत, फ्लाय ९१ मार्च २०२४ पासून एटीआरच चालवते. सेसना कॅराव्हॅनसारखं एकाच इंजिनाचं विमान चालवणाऱ्याही कंपन्या आहेत, पण पहिल्या नोकरीत दोन इंजिनांचं आणि दोन वैमानिकांचं विमान मिळत असेल तर तेच घ्यावं. पुढे परदेशात अर्ज करशील तेव्हा ते तास आणि विमानाचं वजन दोन्ही विचारतात. एटीआर ७२ साधारण २३ टनांचं आहे, तिथे अगदीच खाली मान घालावी लागत नाही. आणि तुझ्या पत्रात नसलेली एक वाट सांगतो: इंडिगोकडेही २०१७ च्या अखेरीपासून एटीआर आहेत. मोठ्या कंपनीत एटीआरवर लागून पुढे त्याच छपराखाली एअरबसवर जायला मिळालं तर बाँड-नोटिशीची निम्मी डोकेदुखी वाचते. त्यांच्या भरतीवर डोळा ठेव, पण त्यासाठी हातातलं पत्र परत करू नकोस.

समज, तू विचारपूस केलीस आणि उत्तरं वाईट आली. प्रशिक्षक दोन, पगार दोन महिने मागे. मग नकार दे, आणि घाबरू नकोस. बारामती, गोंदिया, जळगाव, शिरपूर, आपल्या राज्यात फ्लाइंग स्कूलं बरीच आहेत. साहाय्यक प्रशिक्षकाचं रेटिंग करून तिथे शिकवायला लाग. पैसे कमी मिळतात, पण तास वाढतात, हात चालू राहतो, आणि दुसऱ्याला लँडिंग शिकवताना स्वतःचं जितकं सुधारतं तितकं कशानेच नाही. सोबत एटीपीएलचे लेखी पेपर काढून टाक. हे सगळं आठ महिने घरी बसण्यापेक्षा कैक पटींनी बरं. आणि तुझे आठ महिने आधीच गेलेत, म्हणून हे जरा कडक सांगतोय.

आता आईचा प्रश्न. पहिली दोन-तीन वर्षं चतुर्थीच्या दिवसाची सुट्टी मिळेल असं धरू नका. सुट्ट्या ज्येष्ठतेने वाटतात आणि तू यादीत शेवटी. शिवाय ज्या दिवसांत रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत आणि चाकरमानी मिळेल त्या भाड्याने यायला तयार असतात, त्या दिवसांत कुठली कंपनी वैमानिकाला सोडेल? तुमच्याकडे किती दिवसांचा गणपती असतो ते तू लिहिलं नाहीस. पाचाच्या पुढे असेल तर पहिला दिवस मागूच नकोस, तिसरा-चौथा माग. तेव्हा येणाऱ्यांची गर्दी सरलेली असते आणि परतणाऱ्यांची सुरू झालेली नसते. अर्ज जूनमध्येच टाक. आणि त्या रात्री भजनाला बसायचं असेल तर दुसऱ्या दिवसाचीही सुट्टी त्याच अर्जात लिही, कारण आईच्या हातची उसळ खाऊन पहाटे तीनला निघालेली फर्स्ट ऑफिसर मला माझ्या शेजारच्या सीटवर चालली नसती.